चाचांचा रेडिओ

चाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खरेदी विभागातल्या बाईंच्या कॉम्प्युटरवर आपली दस्ती पसरत होते. दस्ती म्हणजे हातरुमाल. आमच्याकडे रुमालाला दस्तीच म्हणतात. बाईंचा कॉम्प्युटर अडकला होता आणि पडद्यावर त्यांची कुठलीशी घरगुती मेल उघडी राहिली होती. चाचांनी निळ्या चौकटीची दस्ती खिशातून काढली, झटकली आणि पडद्यावर अशी टाकली की खाली जेमतेम दोन बोटं जागा उरावी. तेवढ्या फटीतून बघत त्यांनी दुरुस्ती केली. पाच मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागली. मी त्याच दिवशी नोकरीवर रुजू झालो होतो. इंजिनिअरिंगची पदवी, पुण्याच्या एका क्लासचं नेटवर्कचं सर्टिफिकेट आणि या दोन्हींना पेलणार नाही एवढी घमेंड, असा माझा ऐवज होता. मनात म्हटलं, या माणसाच्या हाताखाली आपलं मातेरं होणार.

मातेरं झालं, पण ते मी स्वतःच्या हातानं करून घेतलं. त्यात चाचांचा काही दोष नव्हता.

आमची कंपनी शहराबाहेर शेंद्र्याला होती. गाड्यांचे सुटे भाग बनवायची. मी पुंडलिकनगरहून कंपनीच्या बसनं जायचो, चाचा जुन्या शहरातल्या शहागंजहून यायचे. वय पन्नाशीच्या पुढे, दाढी मेंदीनं तांबूस, पायात घरून आणलेली वेगळी चप्पल, ती फक्त सर्व्हरच्या खोलीत घालायची. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. बाकी सगळ्यांना, अगदी मॅनेजरसाहेबांनासुद्धा, ते चाचाच होते. पदवी नाही, सर्टिफिकेट नाही. आधी शहागंजात एसटीडी पीसीओ, मग तिथेच चार कॉम्प्युटरांचं सायबर कॅफे, आणि तेही बसल्यावर कंपनी नवी होती तेव्हा कुणीतरी आणून इथे बसवलेले. मला ही चढती भाजणी फार विनोदी वाटायची. बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला मी ती रंगवून सांगायचो.

कुठलंही दार उघडण्याआधी चाचा खोकायचे. खोकला नसायचा, फक्त खोकायचे. संडासाचं दार, कँटीनचं दार, इतकंच काय, रिकाम्या सर्व्हर रूमचं दारसुद्धा. मी एकदा विचारलं, "आत कुणी नाही, माहितीये ना तुम्हाला?" तर म्हणाले, "आदत बिघडली की बिघडली, बाबा. मग भरल्या खोलीत बी बिनखोकता जाशील."

आता त्यांचं काम काय होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून झालं. कंपनीत कुणालाही इंटरनेटवर जायचं तर सरळ जाता येत नसे. मध्ये चाचांचं एक मशीन होतं. त्याला प्रॉक्सी म्हणतात. तुम्ही त्याला सांगायचं, मला अमुक ठिकाणी जायचंय. ते तुमच्या वतीनं जाणार, आणणार, तुम्हाला देणार. बाहेरच्या जगाला तुम्ही दिसतच नाही, दिसतो तो प्रॉक्सीचा पत्ता. आणि मेल किंवा बँक अशा ठिकाणी, जिथे सगळं बोलणं कुलूपबंद असतं, तिथे तर प्रॉक्सी दोन टोकं जोडून देतो आणि बाजूला होतो. आत काय चाललंय ते त्यालाही कळत नाही.

हे मी क्लासमध्ये फी भरून दोन दिवसांत शिकलो होतो. चाचांनी मला ते चहा गार व्हायच्या आत समजावलं.

"हे बघ, इंजिनेर. पीसीओवर गिऱ्हाईक आलं. नंबर सांगितला, मी लावून दिला. कुठं लावला ते मला ठाऊक. किती मिनिटं बोलला ते बी ठाऊक. काचेच्या आत काय बोलला, ते त्याचं आन् त्याच्या अल्लाचं. पलीकडच्याला दिसतंय काय? शहागंजचा नंबर. माझा. बस्स, एवढंच हाय प्रॉक्सी. नंबर माझा, बात तुझी."

"पण चाचा, ते कुलूप उघडता येतं. आपलं मशीन मध्ये बसून दोन्हीकडे आपणच दुसरी बाजू आहोत असं भासवू शकतं. मी शिकलोय."

"येतंय ना. पीसीओवर बी दुसरा रिसीव्हर कानाला लावता येत होता." ते बशीतला चहा संपवत म्हणाले. "येतंय म्हणून करायचं, असं कायकू?"

पीसीओच्या काळातला त्यांचा रेडिओ सर्व्हरच्या कपाटावर ठेवलेला असे. लाकडी पेटीचा, एका बाजूला चिकटपट्टी लावलेला. शहागंजात गिऱ्हाईक काचेच्या खोलीत शिरलं की चाचा हा रेडिओ मोठा करायचे, म्हणजे आतलं बोलणं आपल्या कानावर पडू नये. रेडिओ एवढा मोठा की आतल्या माणसाला स्वतःचंच ऐकू येईना, म्हणून तो ओरडून बोलायचा. परिणामी कुणाच्या भावाची नोकरी गेली, कुणाची सोयरीक मोडली, हे अख्ख्या गल्लीला कळायचं. कळत नसे ते एकट्या चाचांना, कारण ते रेडिओला कान लावून बसलेले असत. ही गोष्ट मला त्यांच्याच मोहल्ल्यातल्या पॅकिंग विभागातल्या एकानं सांगितली. मी पोट धरून हसलो आणि तीही बसमध्ये खपवली.

एकदा मी चाचांना चिडवलं, "एवढी भीती कशाची होती? ऐकलं असतं थोडं तर काय बिघडलं असतं?" त्यांनी रेडिओची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. मग म्हणाले, "एकदा ऐकलं होतं. रेडिओ नव्हता तवा. एका पोरीचं बोलणं. मी भलं व्हावं म्हणून तिच्या मामाच्या कानावर घातलं." मी विचारलं, पुढे काय झालं. "कॉलेज बंद झालं तिचं. दोन महिन्यांत निकाह लावून दिला. मला शीरखुर्मा धाडला होता मामानं, शुक्रिया म्हणून." दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन रेडिओ विकत घेतला होता. हे मी बसमध्ये कुणाला सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला तेव्हाही होती, हे नोंदवून ठेवतो, कारण माझ्या बाजूनं नोंदवण्यासारखं या लेखात फार काही सापडणार नाही.

प्रॉक्सी कुणाचं बोलणं ऐकत नसला तरी एक यादी आपोआप होत राहते. कोणत्या कॉम्प्युटरवरून, किती वाजता, कुठे, किती वेळ. चाचा दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजला निघण्याआधी, ही यादी कोरी करायचे. "हफ्त्याचा केर काढला," म्हणायचे आणि हात धुवायचे. यादी निदान वर्षभर ठेवावी असं माझ्या पुस्तकात होतं. मी ते पान त्यांना उघडून दाखवलं. त्यांनी त्यावर दस्ती टाकली.

त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. शहर मात्र वाढतच होतं. पुंडलिकनगराच्या पुढे जिकडे पाहावं तिकडे नव्या इमारतींचे सांगाडे, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या पायथ्याशी टँकर. आमच्याकडे नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी, कधी सातव्या. आई मला भर मीटिंगमध्ये फोन करून "पाणी आलंय रे!" असं सांगायची, जणू मी शेंद्र्याहून येऊन नळी धरणार होतो. कंपनीच्या गेटवर पूर्वी पान्हे चोरीला जातात म्हणून पिशव्या तपासायचे. आता कूलरवर भरलेल्या बाटल्या पकडायचे.

आणि अशात मुंबईहून मालक येणार म्हणून कंपनीच्या पुढ्यात लॉन लावलं गेलं. त्यासाठी वेगळे टँकर यायला लागले. लॉनवर पाणी मारायला शेंद्रा गावातली एक मावशी ठेवली होती. तिच्या स्वतःच्या घरी गावच्या टँकरपुढे तिची सून घागर घेऊन उभी असायची आणि ही इथे गवताला आंघोळ घालायची. मी छतावरच्या अँटेनाचं काम करून खाली उतरलो, तर मला बघून म्हणाली, "सायेब, पुढच्या जल्मी ह्या लॉनमधलं गवत व्हावं बघा. दोन टायमाला पानी, वरून कुनी तुडवायचं बी नाय."

मला हे वाक्य भलतंच आवडलं. शेंद्र्याला मोबाईलची रेंज यायची-जायची, म्हणून त्याच दिवशी, शनिवारी दुपारी, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पुण्यातल्या मित्राला लांबलचक मेल लिहिली. आमच्याकडे दुष्काळ वगैरे काही नाही, छतावरून बघितलं तर खाली हिरवागार गालिचा, लॉनला रोज दोन टँकर, आमचे मालक म्हणजे काय समजलास. शेवटी मावशीचं वाक्य टाकलं. मी तक्रार करत नव्हतो. मी बढाई मारत होतो. हा फरक मला पुढे बराच उपयोगी पडला, कारण त्याच्या जोरावर मी आठ दिवस स्वतःला ओळखू शकलो नाही.

पुढच्या बुधवारी एका स्थानिक पेपरात बातमी आली. शेंद्र्यातील कंपनीत लॉनवर टँकरची उधळण, गाव तहानलेले. कंपनीच्या छतावरून पाहिल्यास हिरवागार गालिचा दिसतो, असं त्यात होतं. रोजचे दोन टँकर होते. आणि शेवटी, 'पुढच्या जन्मी या लॉनमधले गवत व्हावे, असे एका महिला कामगाराने सांगितले.'

वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, ही बाई हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकवत फिरते! छताचं वाचलं तेव्हा म्हटलं, मागच्या महिन्यात टाकी रंगवायला आलेले पेंटर असणार. चाचांनीही ती बातमी वाचली. ते पेपर हळूहळू, ओठ हलवत वाचायचे. वाचून झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. तिथे छताची किल्ली लटकत होती. ती किल्ली त्यांच्याशिवाय मीच तेवढी घ्यायचो. मग ते उठले, मशीनपाशी गेले आणि यादी कोरी करायला लागले.

"चाचा, आज बुधवार आहे!"

"माहीत हाय."

"अहो, याच यादीत सापडलं असतं ना, कुणी काय केलं ते! साहेब विचारतील आता!"

"विचारू दे." त्यांनी हात धुतले.

मी इतका चिडलो की जेवायला त्यांच्याशेजारी बसलो नाही. म्हटलं, ह्या अडाणी माणसानं पुरावा नष्ट केला. असं मी खरंच म्हटलं, पॅकिंगवाल्याजवळ, पुरावा हा शब्द वापरून.

मावशीला त्याच दिवशी गेटवरून परत पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही. ती बराच वेळ गेटपाशी उभी होती. वॉचमनला सांगत होती, "मी कुनाला बोलले नाय हो. पेपरवाला कसा दिसतो ते बी मला ठाव नाय." मी बसच्या खिडकीतून ऐकलं. माझ्याशी बोलली होती हे मला आठवलंही. पण मी म्हणजे पेपर थोडाच होतो.

गुरुवारी मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांची केबिन काचेची होती. साहेब तसे सभ्य माणूस, आवाज चढवायचे नाहीत, पण त्यांच्या मागे मालकांचे फोन लागले होते. म्हणाले, "बातमीतला मजकूर आतूनच गेलाय. मेलनं गेला असेल तर आपल्याला दिसायला पाहिजे. चाचा, यादी?"

"साफ केली, साहेब."

"पुढचं तरी बघता येईल का? ज्यानं केलं तो पुन्हा बोलेल कुणाशी तरी. ते कुलूपबंद असतं ते उघडून वाचता येतं म्हणे."

"येतं, साहेब," चाचा म्हणाले. "मी करणार नाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तो क्षण मला इतकी वर्षं झाली तरी जसाच्या तसा आठवतो. चाचा शेजारी उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी काय बोलावं? "मी करतो सर. दोन दिवस द्या."

मला तीन लागले. प्रॉक्सी सगळ्यांच्या वतीनं कुलूप उघडणार, आतलं वाचणार आणि पुन्हा कुलूप लावून पुढे पाठवणार. त्यासाठी प्रत्येक कॉम्प्युटरवर कंपनीचं एक खोटं ओळखपत्र बसवावं लागतं, म्हणजे त्या कॉम्प्युटरला संशय येत नाही. मी एकेका टेबलापाशी जाऊन "अपडेट आहे" असं सांगत ते बसवलं. खरेदीच्या बाई म्हणाल्या, "चाचा नाही आले?" मी म्हटलं, "ते आता जुने झाले." सगळ्यात आधी चाचणीसाठी माझ्याच कॉम्प्युटरवर बसवलं होतं. एक नंबरचा कॉम्प्युटर. चाचणी झाल्यावर ते काढायचं असतं हे मला क्लासमध्ये शिकवलं होतं, त्या दिवशी मी बहुधा पुढच्या बाकावरच बसलो असेन, तरी ते काढायचं राहिलं.

या तीन दिवसांत चाचा सर्व्हर रूमच्या बाहेर स्टूल टाकून बसले. रेडिओ मांडीवर.

मशीननं काय शोधायचं, तर मी त्याला तीन शब्द दिले. पाणी, टँकर, लॉन. हे शब्द ज्या पानावर येतील ते पान छापायचं. पाणी हा शब्द आपले लोक इंग्रजी अक्षरांत चार प्रकारे लिहितात, तर मी हुशारीनं चारही प्रकार घातले. मंगळवारी सकाळी काम सुरू केलं आणि साहेबांकडे बसलो, त्यांना सगळं समजावून सांगत. तासाभरानं परत आलो तर प्रिंटरनं कागदाची अख्खी रीम संपवून लाल दिवा लावला होता. दुष्काळात मी अख्ख्या कंपनीला पाणी या शब्दावरून पकडायला निघालो होतो. सासूकडे पाणी आलं का, टँकरवाल्याला सांगितलंस का, भाऊजींकडे आंघोळीला येऊ का, पाणी नाही म्हणून पाहुण्यांना येऊ नका असं कळवा. दीडशे माणसांची तहान त्या ट्रेमध्ये येऊन पडली होती.

गठ्ठा चाचांनी उचलून टेबलावर ठेवला होता. पालथा. त्यावर दस्ती पसरलेली.

"पहिलं पान तुझं हाय," ते म्हणाले. "वर मशीनचा नंबर छापतोस ना तू, तेवढाच दिसला मला. आधी ते वाच. मग बाकीचं वाचायचं का नाय ते तुझं तू बघ."

मी दस्ती बाजूला केली आणि पान उलटलं. पुण्याच्या मित्राची मेल होती, सकाळी चाचणी म्हणून मीच उघडून न वाचता ठेवून दिलेली. 'लेका, तुझ्या लॉनची बातमी झाली की! तुझी मेल मेव्हण्याला वाचून दाखवली होती, तो तिकडेच पेपरात आहे. तुझं नाव नाही टाकलं त्यानं, काळजी करू नको. ते गवताचं वाक्य तर एक नंबर!'

 मी खाली बसलो. आधी मनात काय आलं ते खरं सांगतो. मावशी आली नाही. वडील आले. जिल्हा परिषदेत आयुष्यभर कारकुनी केलेले माझे वडील, ज्यांनी माझ्या नोकरीचे पेढे पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत घरोघर स्वतः जाऊन वाटले होते. आता त्याच गल्लीत काय सांगायचं? मग साहेब आले, मग पुढची नोकरी कोण देणार हे आलं. मावशी आली ती सगळ्यात शेवटी.

"चाचा," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी काय वाचतो का कुणाचं?" त्यांनी दस्तीची घडी घातली. "छताची किल्ली खिळ्यावर असती, एवढं माहीत हाय."

"आता काय करू मी?"

"मशीनचं ते वाचणं बंद कर पयले."

मी केलं. घाईत दोनदा चुकीचंच बटण दाबलं. चाचांनी तोवर आतली चप्पल काढून बाहेरची घातली. 

"कुठे निघालात?"

"साहेबाकडं. तू इथंच बैस."

"पण मेल मी पाठवली, चाचा."

"गेली कुठून?" त्यांनी प्रॉक्सीच्या मशीनवर हात ठेवला. "इथून. बाहेरच्याला आपला पत्ता एकच दिसतो. माझा."

ते काचेच्या केबिनपाशी जाऊन खोकले आणि आत गेले. मी व्हरांड्यात उभा राहून बघत होतो. साहेब उठून उभे राहिले. चाचा हात मागे बांधून बोलत होते, थोडंसंच. साहेबांनी कपाळाला हात लावला, काही विचारलं. चाचांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते काचेतून समजेना. एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि मी कानात प्राण आणून ऐकत होतो. दोनदा मी दाराच्या मुठीपर्यंत गेलो. दोनदा परत आलो. दार आतून बंद नव्हतं. मला कुणी धरलं नव्हतं. आत जाऊन चार शब्द बोलायला पुरेसा वेळ होता, हे मला घड्याळ न बघताही सांगता येईल.

चाचा बाहेर आले. "झालं. मावशीला उद्यापासून बोलवतील. ते आधी कबूल करून घेतलं."

"आणि तुम्ही?"

"मला नक्को म्हणाले आता." ते हसले. "गुडघे बी दुखत होते शेंद्र्याला यायला."

दुपारच्या बसची वाट न बघता ते रेडिओ काखेत घेऊन निघाले. गेटवर वॉचमननं नियमाप्रमाणे रेडिओ तपासला. मागचं झाकण उघडून बघितलं, आत पाणी नव्हतं. मी सर्व्हर रूममध्ये बसून तो सगळा गठ्ठा फाडला. पहिलं पान आधी फाडलं, बारीक.

साहेबांची समजूत अशी झाली की माझ्या यंत्रणेच्या धाकानं चोर आपणहून पुढे आला. त्यांनी मला शाबासकी दिली, चाचांची खुर्ची दिली, आणि ती यंत्रणा पुन्हा सुरू ठेवायला सांगितलं. मी सुरू ठेवली. आज मी दुसऱ्या, मोठ्या कंपनीत या विभागाचा प्रमुख आहे. आमचं मशीन सगळ्यांचं सगळं उघडतं, आणि वर्षभर जपून ठेवतं. नवीन येणाऱ्या इंजिनिअरांना मी प्रॉक्सी म्हणजे काय ते पीसीओचा दाखला देऊन समजावतो. फार चांगलं समजावतो असं सगळे म्हणतात. दाखला कुणाचा ते मी सांगत नाही.

मावशी दुसऱ्या दिवशी कामावर आली होती. मला बघून नेहमीसारखी हसली, पण त्यानंतर ती माझ्याशी कधी काही बोलली नाही. मला वाटतं, ती कुणाशीच बोलायची बंद झाली. मालक येऊन पाच मिनिटांत गेले आणि पुढच्या महिन्यात लॉन वाळलं.

शहागंजला मी सहज गेलो होतो असं सांगायला मला आवडेल. खरं म्हणजे त्या आधी चार वेळा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो होतो, एकदा तर उगाच दोन किलो खजूर घेऊन. पाचव्या वेळी गेलो तेव्हा मधे बरीच वर्षं गेली होती. चाचांचं दुकान घड्याळाच्या मनोऱ्यापासून आत, एका गल्लीत. ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील, मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स. एक म्हातारा पासवर्ड टाकत होता आणि चाचांनी त्याच्या हातांवर दस्ती पसरून स्वतः भिंतीकडे तोंड केलं होतं. म्हाताऱ्याला बटणं दिसत नव्हती, तो दस्तीखाली चाचपडत होता. तीन वेळा चुकला. चाचा भिंतीकडे बघत म्हणाले, "हौ, आरामसे. मी कुठं पळतोय."

मला ओळखलं त्यांनी. दाढी आता पांढरी झाली होती, मेंदी सोडलेली. "इंजिनेर!" म्हणाले, स्टूल पुसून दिलं. म्हातारा गेल्यावर मी म्हटलं, "चाचा, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर..."

त्यांनी हात वर केला. फळीवर तोच रेडिओ होता, चिकटपट्टी बदललेली. त्यांनी त्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. शेतमालाचे बाजारभाव चालले होते. तूर, मका, बाजरी. मग मला खूण केली, बोल.

मी बोललो. एवढी वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं बोललो. की मी दाराच्या मुठीला हात लावला होता. की मी भ्यालो होतो. की वडील वारले, पण त्यांनाही मी कधी सांगितलं नाही. की माफ करा. रेडिओवर मात करायची म्हणून ओरडून बोलत होतो, आणि शेजारचा अत्तरवाला, समोरचा टेलर, रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका, सगळे थांबून ऐकत होते. चाचा रेडिओला कान लावून मान हलवत होते. बाजरीच्या भावाला हलवत होते की मला, ते सांगता येणार नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

माझं झालं तसं त्यांनी बटण उलटं फिरवून रेडिओ बंद केला. गल्लीत एकदम शांत झालं.

"झालं?"

"झालं."

"चाय पितो?" त्यांनी समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. मग माझ्याकडे वळले. "मोठ्ठा साहेब झालास म्हणतात. जुम्म्याला साफ करतोस ना सगळं?"

"करतो, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं मान हलवली. तेवढं एक वाक्य त्यांनी माझं नीट ऐकलं, कारण तेव्हा रेडिओ बंद होता.